रंग गेला, पण कुठे?

दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एकीत डाळिंबी पाणी, दुसरीत नितळ. खाली ओळ असते : अमक्या जिवाणूने कापडाच्या सांडपाण्यातला जवळजवळ सगळा रंग एका दिवसात फस्त केला. वर्तमानपत्रांच्या विज्ञान पुरवण्यांत, विद्यापीठांच्या प्रदर्शनांत आणि शोधनिबंधांच्या पहिल्या पानावर हे चित्र इतक्या वेळा छापून आले आहे की त्यावर शंका घेणे म्हणजे विज्ञानालाच विरोध वाटावा. तरीही शंका घ्यायला हवी. बाटली खोटी नसते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. कापडाचे कृत्रिम रंग टिकण्यासाठीच घडवलेले असतात. ऊन, घाम, साबण यांना जो दाद देत नाही, तो रंग ओढ्यानाल्यातल्या साध्या कुजण्यालाही दाद देत नाही. फेरस आणि चुना घालून तो खाली बसवला तर गाळाचे ढीग उरतात. कोळशावर शोषला तर तो पाण्यातून कोळशात जातो, एवढेच. ओझोनला वीज फार लागते. उलट जिवाणू फुकट वाढतात, साध्या तापमानाला काम करतात आणि जिथे रंग सांडला आहे त्याच मातीत सापडतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या जैवरसायन विभागातून या विषयावर गेल्या दोन दशकांत निबंधांची मोठी मालिका निघाली. इचलकरंजीची वस्त्रनगरी हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा हे संशोधन तिथे व्हावे हे योग्यच. यातले प्रत्येक विधान मला मान्य आहे.

मान्य नाही ती व्याप्ती. धूर तेथे अग्नी हे न्यायशास्त्रातले जुने उदाहरण आहे. इथे गृहीत धरलेली व्याप्ती अशी : जेथे रंग नाही तेथे प्रदूषण नाही. एकही अपवाद सापडला तर व्याप्ती मोडते आणि हेतू सव्यभिचारी ठरतो. इथे अपवाद शोधायला लांब जावे लागत नाही, रंगाऱ्याच्या निळीच्या कुंडापाशीच तो भेटतो.

नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती धाग्यात शिरत नाही. जुने रंगारी तिला आंबवीत. कुठे गूळ आणि चुना, दक्षिणेत टाकळ्याच्या शिजवलेल्या बिया. कुंडातले जिवाणू निळीला इलेक्ट्रॉन देत आणि तिचा निळेपणा जाऊन पिवळट, विरघळणारे रूप तयार होई. त्यात भिजवलेले सूत बाहेर काढून हवेत धरले की पाहता पाहता निळे होई. म्हणजे जिवाणूंकडून रंग घालवणे ही आजची युक्ती नाही. रंगारी ती शतकानुशतके वापरत आले, आणि तीही रंग नष्ट करायला नव्हे, तर पक्का बसवायला. नीळ कुठे गेलेली नसायची. तिने काही काळ दिसणे सोडलेले असायचे.

मॅलाकाइट ग्रीनचे तसेच. हा हिरवा रंग माशांवरच्या बुरशीवर औषध म्हणूनही वापरला जाई. माशाच्या अंगात त्याचे रंगहीन रूप होते आणि ते चरबीत दीर्घकाळ साठून राहते. अन्नासाठीच्या माशांत या रंगावर अनेक देशांनी बंदी घातली तेव्हा प्रयोगशाळा शोधत होत्या ते मुख्यतः हे रंगहीन रूप. डोळ्यांवर विसंबणाऱ्या तपासनिसाला तो मासा स्वच्छच वाटला असता.

हे दोन्ही रंग बाजूला ठेवा. कापडधंद्यात सर्वांत मोठे कुळ ॲझो रंगांचे आहे. दोन नत्र-अणू दुहेरी बंधाने जोडलेले आणि दोहोंकडे एकेक वलयी तुकडा, अशी त्यांची घडण असते. पीटर ग्रीसने १८५८ मध्ये या रसायनाची वाट उघडली आणि पुढे लाल, केशरी, पिवळे, काळे अशा हजारो छटा त्यातून निघाल्या. हा बंध तुटला की रंग जातो. तो तुटल्यावर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कापडाच्या नव्हे, औषधाच्या इतिहासात आहे.

गेरहार्ड डोमाक या जर्मन डॉक्टरने बायरच्या प्रयोगशाळेत प्राँटोसिल नावाचा लाल ॲझो रंग स्ट्रेप्टोकॉकसची लागण झालेल्या उंदरांना दिला. उंदीर वाचले. १९३५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. कोडे असे होते की परीक्षानळीत तोच रंग त्याच जिवाणूंना काही करत नव्हता. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्रेफुएल पतिपत्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडा केला : शरीरात ॲझो बंध तुटतो आणि त्यातून सल्फॅनिलामाइड हा रंगहीन तुकडा सुटतो. गुण त्याचा, लालपणाचा नव्हे. सल्फा औषधांचे सारे युग या तुकड्यावर उभे राहिले. हा बंध तोडण्यात आतड्यातल्या जिवाणूंचाही हात असतो, हे नंतर दिसले. रंग जाणे ही इथे घटनेची सुरुवात होती. नितळ बाटली पाहून पाणी निरुपद्रवी झाले म्हणणाऱ्यांनी प्राँटोसिलची गोष्ट एकदा उलटी वाचावी. त्या उंदरांच्या नशिबी औषध आले. तुकडा कोणता सुटेल हे रंग ठरवत नाही, रेणूची घडण ठरवते.

आता काँगो रेड घ्या. १८८४ चा हा रंग कापूस थेट रंगवतो, स्वस्त आहे आणि जिवाणूंच्या प्रयोगांत फार आवडीने वापरला जातो. त्यात दोन ॲझो बंध आहेत आणि मधोमध बेंझिडीन. दोन्ही बंध तुटले की बेंझिडीन हे अमाइन मोकळे होते. ते माणसाला मूत्राशयाचा कर्करोग करते हे निर्विवाद सिद्ध आहे. रंगकारखान्यांतल्या कामगारांत हा रोग असल्याचे फ्रँकफुर्टच्या लुडविग रेनने १८९५ मध्येच दाखवले होते. बेंझिडीनच्या रंगांवर आणि तशी अमाइने सोडणाऱ्या ॲझो रंगांवर जर्मनीने आणि भारताने १९९० च्या दशकात निर्बंध आणले, युरोपीय संघाने २००२ मध्ये. त्या निर्बंधांमागचा तर्कच असा की हे रंग शरीरात जिवाणू तोडतात आणि मग धोका निर्माण होतो. मग जे आतड्यात घडू नये म्हणून कायदा केला, तेच चंचुपात्रात घडवून आणल्यावर ‘काँगो रेडचे यशस्वी निर्मूलन’ असे मथळे का द्यायचे? पुढच्या पायरीत बेंझिडीनचे काय झाले हे ज्यांनी तपासले, त्यांना हा प्रश्न नाही. ज्यांनी फक्त लाली मोजली, त्यांना आहे.

जिवाणू रंग खातो, ही कल्पना मुळातच दिशाभूल करते. ऑक्सिजन नसलेल्या जागी जिवाणू अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुठेतरी टाकायची जागा शोधत असतो. ॲझो बंध ही त्याला मिळालेली एक जागा. चार इलेक्ट्रॉन गेले की बंध तुटतो आणि दोन अमाइने उरतात. रंगातला कार्बन तसाच राहतो, जिवाणूच्या पोटात त्यातले काहीही जात नाही. कापडाच्या रंगांना पाण्यात विरघळावे म्हणून सल्फोनेट गट जोडलेले असतात. असे मोठे, भारित रेणू पेशीच्या पटलातून आत शिरतही नाहीत, बरेचदा क्विनोनसारखा एखादा निरोप्या रेणू इलेक्ट्रॉन बाहेर नेऊन पोहोचवतो. आणि टाकीत हवा सोडली की ऑक्सिजन हेच इलेक्ट्रॉन आधी पळवतो. म्हणून नुसत्या एरेशन टाकीत ॲझो रंग जवळजवळ जसाच्या तसा पार होतो, थोडा गाळाला चिकटतो इतकेच. कारखान्यात हे सगळे जाणतात. म्हणून तर शेवटी हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच, मारतात.

हायपोकडे वळण्याआधी प्रयोगशाळेची एक सवय सांगायला हवी. बहुतेक प्रयोग न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये होतात. त्याच्या नेहमीच्या कृतीत लिटरला ८ ग्रॅमच्या आसपास पेप्टोन आणि अर्क असतात. रंग घालतात ५० ते १०० मिलिग्रॅम. म्हणजे ज्याला काढायचे त्याच्या ऐंशी ते एकशे साठ पट सेंद्रिय अन्न आपणच पाण्यात ओतले. हिशोब करून पाहा : रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ या सर्वपरिचित काळ्या रंगाचे १०० मिलिग्रॅम लिटरभर पाण्यात असतील, तर त्याचे दोन्ही ॲझो बंध तोडायला लागणारे इलेक्ट्रॉन सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) भाषेत अवघे सहा-सात मिलिग्रॅम भरतात. आपण देतो हजारो. मग त्या मटणाच्या रश्श्यासारख्या पाण्याचा सीओडी कोण कमी करणार? निबंधात तो आकडा सहसा येत नाही. येतो तो ठरावीक तरंगलांबीला शोषलेल्या प्रकाशाचा.

तुकड्यांची ओळख पटवण्याची पद्धतही तपासून घ्यावी. पाणी इथाइल ॲसिटेटने हलवायचे, अर्क जीसी-एमएस यंत्रात घालायचा, संगणकाच्या ग्रंथालयाशी आलेख जुळवायचे आणि ‘विघटनाचा मार्ग’ रेखाटायचा. अडचण अशी की सल्फोनेट असलेली अमाइने पाणी सोडून इथाइल ॲसिटेटमध्ये येत नाहीत, आणि यंत्रात वाफ होऊन चढतही नाहीत. रिॲक्टिव्ह रंगांचे मुख्य तुकडे नेमके तेच. म्हणजे जाळ्याच्या भोकातून जे निसटते तेच मासे मोजायचे राहिले, आणि जाळे रिकामे म्हणून तळे रिकामे. विषारीपणा तपासायला ज्वारीचे किंवा उडदाचे दाणे रुजवून पाहतात. दाणे रुजले याचा अर्थ दाणे रुजले. मूत्राशयाच्या पेशीत वीस वर्षांनी काय घडेल याबद्दल आठवड्याचा अंकुर बोलत नाही. काही प्रयोगशाळा कांद्याच्या मुळांतल्या डीएनएची इजा पाहतात, जिवाणूंवरची, जनुकीय बदल दाखवणारी एम्स चाचणी करतात. तो मार्ग बरोबर आहे, त्यांची संख्या वाढावी.

इथे प्रतिपक्षाचा एक बळकट युक्तिवाद आहे, तो मी लपवत नाही. ते म्हणतील की आजच्या रिॲक्टिव्ह रंगांतून सुटणारी अमाइने बहुधा सल्फोनेटवाली असतात आणि ती बेंझिडीनच्या मानाने फारच सौम्य. हे खरे आहे. शरीर त्यांना चटकन बाहेर टाकते, पेशीत ती सहज शिरत नाहीत. प्रत्येक नितळ पाण्यात कर्करोग पाहणारी भीतीही तितकीच अडाणी. पण सल्फोनेट गट ज्या कारणाने त्यांना सौम्य करतो, त्याच कारणाने जिवाणूंनाही ती पचायला जड जातात. ती राहतात. काही हवेशी संयोग पावून पुन्हा रंगीत होतात. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चा मधला तुकडा याबाबत कुप्रसिद्ध आहे. शिवाय ॲझो रंगाला दोन बाजू असतात, एका बाजूला सल्फोनेट आहे म्हणून दुसरीकडेही असेलच असे नाही. तेव्हा धोका किती हे रंगागणिक वेगळे निघेल. वेगळे निघेल म्हणूनच मोजायला हवे.

मोजत का नाहीत? कारण दिसते त्यावर ओरड होते. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळ तळोज्यात रस्त्यावरची कुत्री निळी झाली. तिथल्या कासाडी नदीत कित्येक वर्षे काय काय सोडले जात होते, त्यावर मच्छीमार तक्रारी करून थकले होते. निळ्या कुत्र्याचे छायाचित्र जगभर फिरले आणि कारवाई झाली. सांडलेला पदार्थ पांढरा असता तर ती कुत्री आजही बातमीत आली नसती. कायद्याचीही नजर अशीच आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याची मानके सुधारली. त्यात रंगाला १५० एककांची मर्यादा आली, बीओडीला (जैविक ऑक्सिजन मागणीला) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडीला २५०, विरघळलेल्या क्षारांना २१००. ॲरोमॅटिक अमाइनांना स्वतंत्र ओळ नाही. सीओडीत तीही मोजली जातात असे कुणी म्हणेल. जातात, पण २५० च्या पोत्यात पाच मिलिग्रॅमची पुडी कुणाला दिसणार?

आणि आता हायपो. निकष फक्त रंगाचा असेल, तर जिवाणूंची शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली आहे. सोडियम हायपोक्लोराइटचे कॅन टाकीत ओतले की अनेक रंग काही मिनिटांत जातात. त्यातून क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ तयार होतात, ते आणखी वाईट, पण रंगमापक यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही. म्हणून माझी तक्रार जिवाणूंच्या विरोधकांपेक्षा त्यांच्या कैवाऱ्यांविषयी अधिक आहे. दोन बाटल्यांचे चित्र दाखवून त्यांनी आपला पक्ष अशा मैदानात नेऊन उभा केला जिथे स्वस्त ब्लीच जिंकते. जिवाणूंचे खरे सामर्थ्य रंग घालवण्यात नाहीच. ते रंग गेल्यानंतरच्या पायरीत आहे, आणि ती पायरी ब्लीचला जमत नाही.

ती पायरी अशी. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत बंध तुटू द्यायचा. मग पाणी हवेच्या टाकीत न्यायचे. ॲनिलीनसारखी साधी अमाइने तिथले जिवाणू सहज जाळतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत. सल्फोनेटवाल्यांना वेळ लागतो, गाळ बराच काळ टाकीत टिकवून ठेवावा लागतो आणि त्या गाळाला सवय व्हावी लागते. १९८० च्या दशकात जर्मन संशोधकांनी नॅफ्थलिनच्या अशाच एका सल्फोनेटेड अमाइनवर काम केले तेव्हा मोठी सूचक गोष्ट दिसली. एक जिवाणू ते अमाइन अर्ध्यापर्यंत तोडून अमिनोसॅलिसिलेट बाहेर टाकत होता, आणि ते दुसराच एक जिवाणू खात होता. पहिल्या जिवाणूला एकटे ठेवले तर काम अर्ध्यावर थांबते.

या निरीक्षणाने दुसरा एक लाडका समज निकालात निघतो : एखादा पराक्रमी वाण सापडेल आणि प्रश्न सुटेल. वाण सापडतात, शेकड्यांनी सापडतात, प्रत्येकाला क्रमांक मिळतो. पण उघड्या टाकीत तो वाण सोडला की स्थानिक जिवाणू त्याला उपाशी ठेवतात, प्रोटोझोआ खातात आणि उरलेला प्रवाहाबरोबर वाहून जातो. ‘कल्चर’चे बॅरल दर महिन्याला विकत घ्यावे लागते यातच त्याचे अपयश लिहिलेले आहे. जो टिकतो त्याला पुन्हा पुन्हा सोडावे लागत नाही. एरेशन टाकी सुरू करताना शेणकाला टाकणारा जुना ऑपरेटर इथे वाणाच्या विक्रेत्यापेक्षा शहाणा म्हणायचा, तो निदान समुदाय सोडतो.

आणि अन्न? पेप्टोन कुणी टाकीत ओतणार नाही. शहराच्या घरगुती सांडपाण्यात लिटरला काहीशे मिलिग्रॅम सीओडी असतोच, आणि आपली गरज वर पाहिली तशी दोन आकडी संख्येलाही पोहोचत नाही. नत्र आणि स्फुरदही त्यात आयते मिळते, जे रंगाच्या पाण्यात नसते. म्हणून रंगगृहाचे पाणी आणि वस्तीचे पाणी ठरवून एकत्र प्रक्रियेला घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. हे पातळ करून मानकात बसवणे नव्हे का, अशी शंका कुणी घेईल आणि ती रास्त आहे. उत्तर असे की मोजणी लिटरमागे न करता एकूण वजनात करा : दिवसाला किती किलो अमाइन तयार झाले, किती किलो बाहेर गेले. कानपूरच्या जाजमऊला चामड्याचे एक भाग आणि वस्तीचे तीन भाग पाणी मिसळून प्रक्रिया करण्याचे केंद्र गंगा कृती योजनेत उभे राहिले. क्रोमियम उगमापाशी अडवले गेले नाही, तेव्हा ते गाळात आणि शेतात गेले. मिसळणे हा गुन्हा नव्हता, न गाळता मिसळणे हा होता.

रंगाच्या पाण्यात क्रोमियमची जागा मीठ घेते. याविषयी जिवाणूंच्या कैवाऱ्यांची बोलती बंद होते, किंवा ते क्षारप्रिय जिवाणूंचे नाव घेतात. क्षारप्रिय जिवाणू मीठ सोसतो, काढत नाही. रिॲक्टिव्ह रंग सुतावर बसवायला गडद छटेसाठी लिटरला ५० ग्रॅम किंवा अधिक मीठ लागते. किलोभर कापडाला दहा लिटर पाणी धरले तर अर्धा किलो मीठ, आणि ते सगळे गटारात. शिवाय रंगाचाही मोठा हिस्सा, काही रंगांत एकतृतीयांशाहून अधिक, पाण्याशीच संयोग पावून सुताला न चिकटता वाहून जातो. तमिळनाडूतल्या तिरुपूरला हे सगळे घडून गेले आहे. नोय्यल नदीवर ओरातुपाळयम धरण १९९२ मध्ये सिंचनासाठी बांधले आणि काही वर्षांतच शेतकऱ्यांना त्याचे पाणी नकोसे झाले, कारण ते खारट होते. सामायिक प्रक्रिया केंद्रे होती, पण मिठापुढे त्यांचे काही चालत नव्हते. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये थेंबही बाहेर न सोडण्याची अट घातली आणि जानेवारी २०११ मध्ये शेकडो रंगगृहे बंद करायला लावली. तिथे शेती कशाने गेली, असे विचारले तर लाल पाणी हे अर्धेच उत्तर ठरेल.

म्हणून रंगकुंडाचे खारे पाणी आणि धुण्याचे पाणी वेगळे ठेवणे ही जिवाणूंना काम देण्याची पहिली अट आहे. धुण्याचे पाणी त्यांच्याकडे जावे. खारे पाणी पडद्यांतून गाळून मीठ परत वापरावे, किंवा मीठ लागणारच नाही अशी पद्धत घ्यावी. ती आहे. कोल्ड पॅड बॅचमध्ये कापड रंग आणि अल्कलीतून काढून, पिळून, गुंडाळी करून प्लॅस्टिकमध्ये लपेटून रात्रभर फिरत ठेवतात. मीठ लागत नाही, पाणी आणि वाफ कमी लागते, रंगही अधिक चिकटतो. लागते ती गुंडाळ्या ठेवायला जागा, सारख्या विणीचा मोठा लॉट आणि उद्यापर्यंत थांबायची तयारी. जॉबवर्क करणाऱ्या रंगगृहात तीनशे मीटरचे बारा रंग दुपारी येतात आणि व्यापाऱ्याला ते सकाळी हवे असतात. मालक मिठाच्या कुंडात कापड फिरवणारे जिगर यंत्रच चालू करतो.